‘प्रेअरी पाथ’ला मराठीत काय म्हणाल?

मोगरी
शिकागोच्या पश्चिमेला, व्हीटनला राहते. उन्हाळ्यात भारतातून आलेले आमच्यासारख्यांचे आईवडील इथे सकाळी ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’वर फिरायला जातात. त्यांच्यासाठी मराठीत दोन पानांची माहिती लिहायला घेतली आणि पहिल्याच वाक्याला अडले.

इथे पूर्वी ‘शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन’ ही विजेवरची गाडी होती, १९०२ पासूनची. १९५३ मध्ये शहरातल्या महामार्गाच्या कामामुळे ती शिकागोच्या मध्यापर्यंत जाईनाशी झाली, प्रवासी घटले आणि ३ जुलै १९५७ला भर दुपारी प्रवासी गाड्या बंद केल्या. सकाळी याच गाडीने कामाला गेलेली माणसं संध्याकाळी स्टेशनात आली तर गाडीच नाही. पुढे १९६३ साली मे थिलगार्ड वॉट्स या निसर्ग शिकवणाऱ्या बाईंनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिलं की हा पट्टा बुलडोझरच्या तोंडी जाण्याआधी इथे चालायची वाट करा. त्यांचा शब्द ‘फूटपाथ’. इंग्लंडात शेतांमधून लोकांच्या हक्काच्या वाटा असतात, त्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. त्यातून झाली ती ही ‘प्रेअरी पाथ’.

आता मी ‘फुटपाथ’ लिहिलं तर आपल्या माणसाला फेरीवाले दिसणार. ‘पदपथ’ म्हणजे त्याच फुटपाथची सरकारी पाटी. शेवटी ‘माळरानातली पायवाट’ लिहिलं, तर सासऱ्यांनी ‘माळरान’ खोडलं. ते मूळचे बार्शीकडचे. म्हणाले, “माळावर असलं काळं रान असतं होय?”

मग प्रेअरी म्हणजे काय लिहू?

पिंपळपान
भूगोलाच्या पुस्तकात उत्तर आहेच की. प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड हे सगळे गवताळ प्रदेश. थोडक्यात हवं तर ‘तृणभूमी’. त्यावरून ‘तृणपथ’ असा सुटसुटीत शब्द होतो. घडवल्याशिवाय शब्द रूढ कसे होणार?

दगडफूल
तृणपथ वाचून मला लॉनमधली फरशी आठवली. परीक्षेपुरते पाठ केलेले शब्द घेऊन सकाळी कोणी फिरायला निघत नाही.

पण मोगरीताई, तुमच्या सासऱ्यांचं मला अर्धंच पटतं. माळावर गवत असतंच. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, त्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे. आमच्या लहानपणी श्रावणानंतर माळ हिरवागार व्हायचा, दिवाळीनंतर सोन्यासारखा पिवळा.

सातबारा
दगडफूल, गवत असतं, पण केवढं? गुडघ्याएवढं. खाली मुरूम, नाहीतर खडक. पेरून काही येत नाही म्हणून तर तो माळ राहिला. महसूल खात्यात तीस वर्षं काढली, काळ्या जमिनीला माळ म्हणणारा शेतकरी मला भेटला नाही. सासरेबुवांचं बरोबर आहे.

कुरण का नको? कुरण राखलेलं असतं, गवतासाठीच असतं. फ्रेंचमध्ये प्रेअरीचा अर्थही कुरणच ना?

मोगरी
हो, मूळ अर्थ कुरणच. पण कुरण माणूस गवत कापायला राखतो, प्रेअरी तशी कोणी राखली नव्हती. इथलं ‘बिग ब्लूस्टेम’ गवत माणसाच्या डोक्यावरून जातं आणि मुळं तेवढीच खोल. त्या मुळांच्या गाठोड्यात ओतीव लोखंडाचा नांगर चालेना, चिकट काळी माती फाळ सोडेना. १८३७ साली जॉन डीअरने इलिनॉयमध्येच पोलादाचा गुळगुळीत फाळ केला आणि मग सगळं नांगराखाली गेलं. या राज्याचा निम्म्याहून जास्त भाग प्रेअरी होता. आज चांगल्या अवस्थेतली उरली आहे ती त्यातली एक टक्काही नाही.

आणि जिथे उरली त्यातल्या कितीतरी जागा रेल्वेच्या कडेच्या आहेत! रूळ आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत नांगर कधी गेलाच नाही. म्हणून नावातला ‘प्रेअरी’ मला गाळायचा नाही. रेल्वे गेली, गवत राहिलं, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

दगडफूल
मग ‘प्रेअरी’ तसाच ठेवा. सवाना, टुंड्रा ठेवतोच की आपण. कंसात ‘उंच गवताचं काळं रान’ असं एकदा लिहा आणि पुढे चला.

पिंपळपान
प्रत्येक वेळी ‘तसाच ठेवा’ म्हणत गेलो तर मराठीत क्रियापदंच उरतील. मला खरंच वाईट वाटतं हे.

सातबारा
मला वेगळाच प्रश्न आहे. ताई, अशा वाटेला ‘बंद पडलेला रेल्वेमार्ग’ म्हटलं तर ते कायद्याने बरोबर आहे का? गाडी बंद पडणं वेगळं आणि जमिनीवरचा हक्क सुटणं वेगळं. आपल्याकडे वहिवाट म्हणतात ते हेच. जमीन एकाची, जाण्यायेण्याचा हक्क दुसऱ्याचा. मामलेदार कोर्ट कायदा १९०६चा, अजून त्याखाली तहसीलदारापुढे वाटांचे वाद चालतात.

मोगरी
अगदी हेच इथे झालंय, काका. अनेक ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त मार्गाचा हक्क होता. मार्ग रीतसर सोडून दिला की तो हक्क संपतो आणि जमीन शेजारच्या मालकाकडे जाते. म्हणून १९८३ साली अमेरिकेच्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मार्ग ‘सोडला’ असं धरायचं नाही, पुढेमागे रेल्वेला लागेल म्हणून राखून ठेवायचा आणि तोवर लोकांना चालू द्यायचं. याला ‘रेलबँकिंग’ म्हणतात. जमीनमालक कोर्टात गेले, पण १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मिसुरी राज्यातला केटी ट्रेल, सुमारे २४० मैलांचा चालायचा मार्ग, असाच झाला. आमची वाट मात्र या कायद्याच्या आधीची.

सातबारा
म्हणजे केटीला ‘परित्यक्त’ लिहिलं तर चूकच. तो ‘राखीव वहिवाटीचा’ मार्ग. वहिवाट हा शब्द वापराच. वाहती राहिली ती वाट, म्हणून वहिवाट.

पिंपळपान
ही व्युत्पत्ती मला पटत नाही. वहिवाट म्हणजे नुसता रस्ता नव्हे, देवस्थानाचा कारभार पाहणाराही वहिवाटदारच. माझ्या मते तिथे ‘वही’ असावी, हिशेबाची.

सातबारा
हिशेबाच्या वहीवरून बांधावरची वाट? आमच्या वडिलांनी ऐकलं असतं तर उठून गेले असते. ‘वहिवाटणे’ हे क्रियापद बघा, शेत वहिवाटतात.

वऱ्हाडकर
इतकं कशाला? आमच्या शकुंतला गाडीचा मार्ग, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, नॅरोगेज. लहानपणी गाडी दिवसातून एकदा, आणि माणसं दिवसभर त्यावरून चालत. कोणी रस्ता विचारला तर सांगायचे, “लाईनीलाईनीनं जाय.” पावसाळ्यात शेतातून चिखल, पण भराव कोरडा, मोऱ्या पक्क्या. आता गाडी बंद आहे, तरी ती लाईनच आहे. ताई, तुमच्या वाटेलाही ‘लाईन’ म्हणा.

मोगरी
काका, हे वाचून सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, बार्शी लाईट रेल्वेच्या बाजूनेही लोक असेच चालायचे. आणि माझ्या लक्षात आलं की सासूबाई रोज “जरा रुळावरून जाऊन येते” म्हणतात. रूळ उखडून साठ वर्षं झाली, त्यांनी ते कधी पाहिलेलेही नाहीत! पायाखाली चुनखडीची बारीक खडी असते.

पिंपळपान
‘रुळवाट’! हा घ्या. रूळ होते म्हणून, आणि पायांनी रुळली म्हणूनही. रुळणे हे आपलं जुनं क्रियापद आहे. गळ्यात माळ रुळते, माणूस नव्या घरी रुळतो. रेल्वेच्या कितीतरी आधीचं.

दगडफूल
शब्द सुंदर आहे, मीही वापरीन. पण रेल्वेचा रूळ आणि रुळणे यांचं नातं जोडू नका. शाळेत मास्तरांच्या हातात असायचा तो गोल लाकडी रूळ, तो इंग्रजी ‘रूलर’चाच. गाडीचा रूळही त्याच घरातला असावा.

पिंपळपान
मग रस्त्यावर फिरवायचा दगडी रूळ कुठला? तोही ‘रूलर’?

वऱ्हाडकर
तो ‘रोलर’. आमच्याकडे मात्र गाडीच्या रुळाला पटरी म्हणतात.

सातबारा
पटरी म्हणजे रस्त्याची कड. भाजीवाले बसतात ती.