क्रूझर देऊन सरळ बसायची गाडी घेतलेल्यांनो, अनुभव लिहा

रिझर्व्हवर (धागाकर्ता)
बजाजची ॲव्हेंजर २२० क्रूझ, म्हणजे पाय पुढे टाकून चालवायची क्रूझर बाइक, २०१६ ची, ६८ हजार किलोमीटर. एकच मालक, म्हणजे मी. रोज कोथरूड ते हिंजवडी, शिवाय वर्षातून तीन-चारदा कोकण. गाडीबद्दल तक्रार नाही, तक्रार माझ्या माकडहाडाची आहे. पाय पुढे टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं म्हणजे सगळा भार बुडावर, आणि खड्डा आला की तो थेट मानेपर्यंत पोचतो. घेतली तेव्हा ३४ चा होतो, कळत नव्हतं. आता ४३.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून घरचेही 'घे एकदाची' म्हणतायत. डोळ्यांसमोर तीन आहेत: रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, होंडाची हायनेस सीबी३५० आणि ट्रायम्फ स्पीड ४००. आकडे माझे पाठ आहेत. ज्यांनी खरोखर क्रूझर दिली आणि सरळ बसायची गाडी घेतली, त्यांनी अंगावरचं सांगा. कंबर, पाय, मागे बसणारं माणूस, एक्स्चेंजचा व्यवहार, काहीही.

खड्डेश्वर
कंबर आधी, कंपनी नंतर. बाकीचे लिहितीलच.

फोंडा घाट
रॉयल एनफिल्डचीच क्रूझर मीटिऑर ३५० दिली, क्लासिक ३५० घेतली. लोक हसले, कारण इंजिन तेच. ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन-मीटर, इकडेही आणि तिकडेही. 'इंजिन तेच तर पैसे कशाचे घातलेस?' असं सख्ख्या भावानं विचारलं. पैसे पाय मागे घेण्याचे घातले.

नीट सांगतो. मीटिऑरची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, क्लासिकची ८०५. चार सेंटिमीटर वर गेलो ते पहिल्या दिवशी जाणवलं आणि विसरलोही. खरा फरक फूटरेस्टचा. क्लासिकवर पाय कमरेच्या बऱ्यापैकी खाली येतात. त्यामुळे पुढे गतिरोधक दिसला की पायांवर जोर देऊन दोन बोटं उठता येतं. धक्का गुडघ्यात जिरतो. पाय पुढे असले की उठायला आधारच नसतो, हँडलला लटकून उठावं लागतं. करून बघा. राधानगरी रस्त्यावर गावागणिक तीन-तीन गतिरोधक आहेत. आधी कोल्हापूर ते कणकवली गेलो की संध्याकाळी आडवा व्हायचो. आता उतरतो आणि चहा मागतो.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला. गुडघे दुखले, कारण इतकी वर्षं ते लांब सोडलेले, आता दुमडलेले. त्या आठवड्यात गाडीबद्दल मत बनवू नका.

दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. मीटिऑरची टाकी १५ लिटर, क्लासिकची १३, म्हणजे पंपाची सवय बदलावी लागते. आणि मी हौसेनं स्पोकची चाकं घेतली. स्पोक म्हणजे आत ट्यूब. दाजीपूरच्या अलीकडे भर पावसात पंक्चर झाली, तेव्हा टेम्पोत घालून आणली. अलॉय असती तर ट्यूबलेस असती, रस्त्याच्या कडेलाच भोकात रबराची बत्ती मारून निघालो असतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, टेम्पोवाल्यानं ८०० रुपये घेतले.

पाच फूट एक
माझी उंची आयडीतच आहे. ॲव्हेंजर घेतली ती सीट ७३७ मिलिमीटर म्हणून, स्टाइलसाठी नव्हे. दोन्ही टाचा टेकतात अशी मोठी गाडी मला दुसरी मिळालीच नव्हती. त्यामुळे बदलायचं ठरवलं तेव्हा पोटात गोळा.

शिकले ते असं. नुसती सीटची उंची बघू नका, रुंदीही बघा. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच आखूड पडतो. त्यातच गाडीचं वजन. रॉयल एनफिल्डच्याच हंटर ३५० आणि क्लासिक, उंचीत फरक सेंटिमीटरभराचाच. पण हंटर १८१ किलो, क्लासिक १९५, आणि हंटरवर माझे चवडे नीट टेकले. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही गाडी तोलता येते हो. मी म्हटलं, बाहेर उतारावर लावा, तोंड भिंतीकडे, आता मी एकटीनं मागे ओढून दाखवते. सेल्समन म्हणाला, 'मॅडम, मी काढून देतो ना.' रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये तू येणार आहेस का? क्लासिक जागची हलली नाही. हंटर दोन दमात निघाली. तीच घेतली, नाशिकला दोन वर्षं झाली, अजून एकदाही आडवी झालेली नाही. सिग्नलला मात्र एकच पाय टेकवायची सवय करावी लागली.

मागची सीट
मी चालवत नाही, मागे बसते. नवऱ्यानं क्रूझर दिली आणि स्वतः तिन्ही गाड्यांची टेस्ट राइड घेऊन आला. तीनदा! मला एकदाही नेलं नाही. जुन्या गाडीला पाठीला टेकू होता, डुलकीसुद्धा लागायची. नव्या गाडीवर धरायला मागे एक दांडी आणि समोर हे. पहिल्यांदा डबलसीट महाबळेश्वरला निघालो, पसरणी घाट अर्धा चढेपर्यंत मी बोलणं बंद केलं होतं. आता वेगळा बॅकरेस्ट बसवून घेतलाय, त्याचं बिल मी 'माझ्या वाढदिवसाची भेट' या खात्यात धरू देणार नाही. ज्यांना डबलसीट जायचंय त्यांनी टेस्ट राइडला मागचं माणूस घेऊन जा, इतकंच.

चेन ल्यूब
ॲव्हेंजर २२० वरून थेट स्पीड ४००. ताकद १९ पीएसवरून (हॉर्सपॉवरच म्हणा) ४० वर. गंमत म्हणजे हीसुद्धा बजाजच्याच घरची म्हणायची, चाकणला तयार होते.

पहिले पंधरा दिवस मी गाडी चालवत नव्हतो, गाडी मला चालवत होती. क्रूझरवर ॲक्सिलरेटर सैल हातानं पिळायची सवय असते, कारण पिळला तरी ती आपल्या वेळेनं निघते. इथे तसा पिळला आणि पुढच्या रिक्षाचा नंबर पाठ झाला. पण वळणावर! लांबलचक क्रूझर ताम्हिणीच्या वळणांत ओढून न्यावी लागायची, ही नुसतं बघितलं तिकडे जाते.

डबल स्टँड नाही. चेनला तेल द्यायला मागचं चाक उचलावं लागतं, त्यासाठी पॅडॉक स्टँड वेगळा घ्यावा लागला. शिवाय ३९८ सीसी असल्यानं ही ४० टक्के जीएसटीच्या गटात. धागाकर्त्यानं पाठीसाठीच बदलायची म्हटलं असेल तर दुप्पट ताकद लागते का, हे स्वतःला विचारावं. मला लागत होती. कारण विचारू नका.

टीटी झाली का
गाडीवर सगळे लिहितायत, व्यवहारावर मी लिहितो. माझी क्रूझर थंडरबर्ड एक्स्चेंजमध्ये दिली, विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९, फॉर्म ३० वर सह्या केल्या, 'टीटी (म्हणजे नावावर करण्याचं काम) आम्ही बघतो' म्हणाले, आणि नव्या गाडीच्या पेढ्यांमध्ये मी विसरून गेलो. सात महिन्यांनी मोबाइलवर ई-चलन. फोटो उघडला तर माझीच गाडी, मागच्या मडगार्डवर मी लावलेला 'आई' असा स्टिकर, आणि वर विनाहेल्मेट दोन अनोळखी पोरं. आरसी अजून माझ्या नावावर. चलनाचं सोडा, त्या पोरांनी कुणाला उडवलं असतं तर? ज्याच्या नावावर नोंद तोच भरपाईला मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगून ठेवलंय.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी वेगळा नियम आहे. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये आरटीओला ऑनलाइन जाते आणि पुढची जबाबदारी त्या डीलरवर येते. तेव्हा 'तुम्ही अधिकृत आहात का, २९सी ची पोच द्या' असं तोंडावर विचारा. दुसरं, नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. शोरूमवाले आपणहून आठवण करत नाहीत.

ऑस्टिनचं ऊन
टेक्साससुद्धा चालेल ना? होंडा रेबेल ५०० दिली, सीबी५००एफ घेतली. फोंडा घाट म्हणतात तेच इथेही, ४७१ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन दोघींत एकच. रेबेलची सीट ६९० मिलिमीटर, जवळजवळ पाटावर बसल्यासारखं. महामार्गावर वारा सगळा छातीवर यायचा, हात ताणून ताणून खांदे भरायचे. आता किंचित पुढे झुकतो, वाराच थोडा आधार देतो. एक्स्चेंजची रक्कम नव्या गाडीच्या किमतीतून वजा होऊन उरलेल्यावरच इथे विक्रीकर लागतो, म्हणून परस्पर विकायच्या भानगडीत पडलो नाही.

वऱ्हाडी सरळ
मी उलटा अनुभव लिहितो. ॲव्हेंजर विकली आणि पस्तावलो. नागपूर–अमरावती महिन्यातून चारदा. समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणून जुना रस्ता, तोही बराचसा सरळसोट. घाट नाही, वळण नाही, मग सरळ बसून करायचं काय? पाय लांब सोडून निवांत जाण्यात जी मजा होती ती गेली. गावात फिरायला नवी बरी आहे, नाही म्हणत नाही. पण तुमचा रस्ता कोणता ते आधी बघा, बापा.

रिझर्व्हवर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. 'मागची सीट' यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ही चूक झाली. शनिवारी ती टेस्ट राइडला आली.

सिंहगड रस्त्यावर तेच आठ गतिरोधक, तिन्ही गाड्यांवर, डबलसीट. स्पीड ४०० वर मी खूश होतो, मागून 'हळू' हा एकच शब्द सहा वेळा आला. क्लासिकवर दोघांनाही ठीक वाटलं, पण आमच्या सोसायटीच्या उतारावरून ती मागे घेताना मला घाम फुटला (पाच फूट एक, नमस्कार घ्या). हायनेसही १८१ किलोच, टाकी १५ लिटर, डबल स्टँड आहे, आणि सहाव्या गतिरोधकावर माझ्या लक्षात आलं की मी न ठरवताच पायांवर उठत होतो. बुक केली.

ॲव्हेंजर परवा देऊन आलो. २९सी ची पोच मागितली तर काउंटरवरचा मुलगा आत विचारायला गेला तो पंधरा मिनिटांनी परतला, म्हणाला 'उद्या व्हॉट्सॲप करतो सर.' दुसरी किल्ली घरी विसरलीय, असं मीही त्याला सांगितलं.