मदत हवी आहे: ख्रिस्ती विद्यापीठाच्या वसतिगृहात आर.ए.चे पद स्वीकारावे का? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे

नगरची_आई
नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेत मिडवेस्टमधील एका ख्रिस्ती विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असून तिथल्याच वसतिगृहात राहते. पुढील वर्षासाठी तिची आर.ए. (रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे वसतिगृहातील मजल्याची जबाबदारी सांभाळणारी विद्यार्थिनी) म्हणून निवड झाली आहे आणि त्याच वेळी तिला दुसरेही एक पद देऊ केले आहे. दोन्हींपैकी एकच घेता येते. सोबत विश्वासविषयक निवेदनावर, म्हणजे विद्यापीठाच्या धार्मिक श्रद्धा मान्य असल्याच्या कागदावर, सही करायची आहे आणि त्यातील एका कलमापाशी ती अडली आहे. सोमवारी कागद परत द्यायचे असल्याने वेळ अजिबात नाही. ज्यांना या व्यवस्थेचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनीच कृपया लिहावे. 'मुलीला इतक्या लांब पाठवलेच कशाला' अशा प्रतिसादांचा उपयोग होणार नाही.

सह्यकडा
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आज विश्वासाच्या निवेदनावर सही, उद्या रोजची प्रार्थना आणि परवा धर्मांतर, असा हा सरळ क्रम असतो. आपल्या मुलांना एकटेपणा जाणवतो आणि नेमक्या त्या वेळी पद, मोफत खोली, कौतुक असे सारे पुढे केले जाते. मुलीने सही करू नये आणि शक्य असल्यास आवाराबाहेर राहावे, असे माझे ठाम मत आहे.

परदेशस्थ_पामर
सह्यकडा, प्रश्न वाचलात तर बरे होईल. मुलीने ख्रिस्ती विद्यापीठ स्वतः निवडले आहे. तिथे प्रार्थना होते याचे आश्चर्य कशाला?

नगरची_आई, 'ख्रिस्ती विद्यापीठ' एवढ्यावरून काही सांगता येत नाही. व्हीटन किंवा बायोला यांसारख्या संस्थांत पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपला ख्रिस्ती विश्वास मान्य केलेला असावा अशी अपेक्षा असते. नोत्र दाम किंवा बेलर इथे कोणत्याही धर्माचा विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतो. माझा भाचा नोत्र दामला होता आणि तो हिंदूच राहिला. तिथे प्रत्येक वसतिगृहात प्रार्थनागृह असते, रेक्टर, म्हणजे वसतिगृहाचे प्रमुख, त्याच इमारतीत राहतात, मुलामुलींची वसतिगृहे वेगळी असतात आणि भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात: आठवड्याच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवार-शनिवारी रात्री दोनपर्यंत. त्याला कोणी मिस्साला (कॅथलिक उपासनेला) ओढून नेले नाही. तेव्हा आधी हे सांगा की विद्यापीठ कोणत्या पंथाचे आहे, दुसरे पद कोणते आणि कलम कोणते.

कलम_आणि_कायदा
सही मागणे बेकायदा आहे का, असा पुढचा प्रश्न येईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धार्मिक संस्थांना आपल्याच धर्माच्या व्यक्ती कामावर घेण्याची सूट आहे आणि १९७२ च्या दुरुस्तीने ती संस्थेच्या सर्व कामांना लागू झाली. म्हणजे प्रवेश सर्वांना खुला ठेवून आर.ए.साठी मात्र विश्वासाची अट घालणे अशा विद्यापीठाला शक्य असते.

दुसरे असे की कार्यालयाला तुम्ही स्वतः ई-मेल पाठवू नका. १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नोंदींवरील हक्क विद्यार्थ्याचा असतो. तुम्हाला नम्र नकार मिळेल आणि आईने चौकशी केल्याचे मुलीच्या कानावर जाईल. व्हिसा कोणता आहे? ती सध्या आणखी काही काम करते का?

नगरची_आई
मी कायद्याचे काही विचारले नव्हते, आणि धर्मांतराचे तर मुळीच नाही. आम्ही ख्रिस्तीच आहोत. गेल्या चार पिढ्या आमचे घराणे नगरच्याच मंडळीत (चर्चमध्ये) आहे, आमच्या पणजोबांच्या वेळेपासून घरी 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक येत असे, आणि मुलगी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकली व पुढे तिथेच शिकवू लागली. सदस्यनाम 'नगरची_आई' आहे म्हणून प्रत्येकाने काहीतरी गृहीत धरावे, याची गंमत वाटते.

आता तपशील. विद्यापीठ बाप्टिस्ट परंपरेचे आहे. निवेदनात लिहिले आहे की बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्या व्यक्तीने स्वतः कबुली दिल्यावर, पाण्यात बुडवून घ्यायचा असतो. मुलीचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि कॉलेजला जाण्यापूर्वी दृढीकरण झाले, म्हणजे मोठेपणी तिने स्वतः विश्वासाची कबुली दिली. त्या कलमाखाली सही केली तर आपला बाप्तिस्मा आपणच खोटा ठरवला असे होईल, असे तिला वाटते. दुसरे पद म्हणजे मजल्यावरील प्रार्थनागट व बायबलचा अभ्यास चालवण्याचे. त्याला मोबदला नाही. आर.ए.ला खोली आणि जेवण मिळते. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा, आहे आणि ती ग्रंथालयात काम करते. याव्यतिरिक्त तिचे म्हणणे असे की मजल्यावरच्या मुली तिच्याजवळ मन मोकळे करतात, आर.ए. झाल्यावर त्यांची तक्रार लिहावी लागली तर काय करायचे?

मंडळीतला_एक
ताई, सलाम. बाप्तिस्म्याचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. आपली उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत बाप्टिस्टही होते, आणि म्हणून आपल्याकडे बालबाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. मुलीने सहीखाली सरळ लिहावे की मी ज्या मंडळीची सभासद आहे तिथे या दोन्ही पद्धती मानल्या जातात, माझा बाप्तिस्मा व दृढीकरण तिथे झाले आहे, आणि या एका कलमाबाबत माझे मत वेगळे असून बाकीचे निवेदन मला मान्य आहे. आपल्या पाळकांचे (पास्टरांचे) पत्र जोडता आले तर उत्तमच.

पदाविषयी माझा सल्ला असा की प्रार्थनागटाचेच पद घ्यावे. आर.ए. म्हणजे मजल्यावरचा पोलीस. कोणाच्या खोलीत दारूची बाटली आहे, कोण भेटीची वेळ संपल्यावरही थांबले आहे, याच्या नोंदी करायच्या आणि त्याच मुलींबरोबर गुडघे टेकायचे, हे दोन्ही एका माणसाला साधत नाही.

पाचवा_मजला
मी टेक्सासमधील एका ख्रिस्ती विद्यापीठात आर.ए. होते, म्हणून 'पोलीस' या शब्दाला हरकत घेते. माझ्या कामाचा फार मोठा भाग खोलीतल्या दोन मुलींची भांडणे मिटवणे, घराच्या आठवणीने रडणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलीबरोबर बसणे आणि कोण जेवायला येईनाशी झाली आहे यावर लक्ष ठेवणे हा होता. ड्यूटीच्या रात्री मजल्यांवरून फेऱ्या मारायच्या, फोन जवळ ठेवायचा आणि काही घडले तर आर.डी.ला, म्हणजे त्याच इमारतीत राहणाऱ्या पूर्णवेळ अधिकाऱ्याला, कळवायचे. अहवाल लिहावे लागतात, पण काय पाहिले तेवढेच आर.ए. लिहिते, शिक्षेचा निर्णय तिच्याकडे नसतो.

आता मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. आर.ए.ने 'तू सांग, मी कोणालाही सांगणार नाही' असे आश्वासन कधीही देऊ नये. आवारातील गुन्ह्यांविषयीच्या १९९० च्या क्लेरी कायद्याखाली आर.ए. सर्वसाधारणपणे अशा व्यक्तींत मोडतात की ज्यांनी कानावर आलेले गुन्हे विद्यापीठाला कळवायचे असतात, आणि लैंगिक छळाची माहिती आर.ए.ने पुढे कळवलीच पाहिजे असा बहुतेक विद्यापीठांचा स्वतःचा नियम असतो. आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याच क्षणी वर कळवायचे. आम्हाला प्रशिक्षणात असे शिकवले होते की मुलगी बोलायला लागली आणि सूर गंभीर वाटला की तिला तिथेच हळूच थांबवून आपली मर्यादा सांगायची, आणि गुप्तपणे बोलायचे असेल तर समुपदेशकाकडे किंवा विद्यापीठाच्या चॅप्लेनकडे, म्हणजे तिथे नेमलेल्या धर्मगुरूकडे, तिच्याबरोबर चालत जायचे. सुरुवातीला हे फार कोरडे वाटते, पण आधी आश्वासन देऊन नंतर मोडण्यापेक्षा ते नक्कीच बरे असते.

मंडळीतला_एक
म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. प्रार्थनागटाच्या नेत्याला असली बंधने नसतात. प्रार्थनेत सांगितलेले प्रार्थनेतच राहते.

पाचवा_मजला
हाच गैरसमज घातक आहे, म्हणून पुन्हा लिहिते. गुप्ततेचे कायदेशीर संरक्षण दीक्षित पाळक आणि परवानाधारक समुपदेशक यांच्याशी झालेल्या बोलण्याला असते. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला गटाचे नेते नेमले म्हणून ते तिला मिळत नाही. काही विद्यापीठे अशा विद्यार्थी-नेत्यांवरही कळवण्याचे बंधन घालतात. शिवाय मुली सगळ्यांत जड गोष्टी प्रार्थनेच्या विनंत्यांतूनच सांगतात. आर.ए.च्या मागे प्रशिक्षण, दर आठवड्याची आर.डी.ची भेट आणि रात्री उचलला जाणारा फोन असतो. प्रार्थनागटाच्या नेत्यामागे पुष्कळदा तितके काहीच नसते.

दोन कामे वेगळी ठेवण्याचा विचार मात्र चुकीचा नाही. कॅल्व्हिन विद्यापीठात आर.ए.खेरीज आध्यात्मिक कामासाठी बार्नबस गटाचे विद्यार्थी असतात, पेपरडाइनमध्ये आर.ए.च्या जोडीला आध्यात्मिक सल्लागार विद्यार्थी असतात, आणि बेलरमध्ये तर ट्रुएट सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणसंस्थेत) शिकणारे विद्यार्थी वसतिगृहातच चॅप्लेन म्हणून राहतात. ही शेवटची रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिथला चॅप्लेन निदान त्या कामाचे शिक्षण तरी घेत असतो.

मंडळीतला_एक
आमच्या मंडळीच्या तरुण संघात कोणी कधी अहवाल लिहिले नाहीत आणि तरीही मुले सुधारली. सगळ्याचे कार्यालय करून टाकले की विश्वास उरत नाही, एवढेच माझे म्हणणे.

जुना_तांबरमकर
वाद वाचून चेन्नईजवळच्या तांबरमचे माझे कॉलेजचे दिवस आठवले. मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ मध्ये तांबरमला हलले आणि तिथे सेलैयूर, सेंट थॉमस व बिशप हेबर ही वसतिगृहे, म्हणजे 'हॉल', विद्यार्थिजीवनाचा कणा बनली. मी मराठी हिंदू मुलगा, पण हॉलच्या निवडणुकीत उतरलो आणि निवडूनही आलो. कोणी निवेदन पुढे केले नाही. वॉर्डन प्राध्यापकच असत आणि त्यांचे घर हॉलला लागून असे. नेतृत्व निवडणुकीतून यावे, कार्यालयाच्या मुलाखतीतून नव्हे, असे मला आजही वाटते. मुलीच्या विद्यापीठात वसतिगृहाची निवडून दिलेली समिती नाही का? तो तिसरा मार्ग होऊ शकेल.

परदेशस्थ_पामर
अशी समिती बहुतेक ठिकाणी असते, परंतु तिच्यात खोली-जेवण मिळत नाही आणि मुलीला सोमवारी उत्तर द्यायचे आहे. निवडणूक कधी होणार, काका?

भाचीची_मावशी
या विद्यापीठांत शाकाहारी जेवण मिळते का? भाचीला पुढच्या वर्षी पाठवायचे आहे आणि ती अंडेही खात नाही.

कलम_आणि_कायदा
मावशी, कृपया वेगळा धागा काढा.

नगरची_आई, धर्मशास्त्रात अडकून व्हिसाकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून लिहितो. एफ-१ वर सत्र चालू असताना आवारातील सर्व कामे मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. मोबदला रोख न मिळता खोलीच्या रूपात मिळाला तरी ते कामच असते. ग्रंथालय आणि आर.ए. यांचे तास एकत्र मोजले जातील, तेव्हा ड्यूटीच्या रात्रीचे किती तास धरतात हे आर.डी.ला आणि मर्यादेत बसते का हे इंटरनॅशनल ऑफिसमधील डी.एस.ओ.ला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारावे, दोन्ही उत्तरे लेखी घ्यावीत. आवारात राहणे ही त्या कामाचीच अट असेल तर खोलीच्या किमतीवर सहसा आयकर लागत नाही. मात्र खोली-जेवण फुकट मिळाल्यावर काही विद्यापीठे शिष्यवृत्तीची रक्कम तेवढ्या प्रमाणात कमी करतात, आणि मग हातात विशेष काही पडत नाही. ही आकडेमोड सहीच्या आधी व्हायला हवी.

पाचवा_मजला
आणखी एक. आर.ए.चे प्रशिक्षण सत्र सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, ऑगस्टमध्ये असते आणि त्याला हजर राहणे सक्तीचे असते. उन्हाळ्यात भारतात यायचे तिकीट काढले असेल तर परतीची तारीख पाहा.

नगरची_आई
तिकीट काढलेले आहे आणि परतीची तारीख उशिराची आहे. बदलून घेईन.

आज मुलगी आर.डी.ला भेटली. बाप्तिस्म्याच्या कलमाबाबत तिने मंडळीतला_एक यांनी सुचवल्याप्रमाणे टिपण लिहून नेले होते. आर.डी.ने ते वाचले, असे प्रश्न याआधीही आल्याचे सांगितले आणि टिपण निवेदनाला जोडून घेतले. त्या कलमाविरुद्ध मजल्यावर शिकवण देऊ नये एवढीच अपेक्षा सांगितली. हे तिला मान्य आहे. पाळकसाहेबही पत्र देतो म्हणाले. ग्रंथालयाचे तास कमी करावे लागतील. शिष्यवृत्तीचे उत्तर उद्या मिळेल. शिष्यवृत्ती कमी होणार नसेल तर मुलगी आर.ए.चे पद घेणार आहे. सर्वांचे आभार, सह्यकडा यांचेही.

एक प्रश्न मात्र राहिला. मजल्यावरच्या एका मुलीने मैत्रीण म्हणून तिला एक गोष्ट आधीच सांगितलेली आहे आणि कोणाला न सांगण्याचे वचन घेतले आहे. गोष्ट काय ते मलाही ठाऊक नाही. पद घेतल्यावर ते वचन पाळता येते का?

पाचवा_मजला
कळवण्याची जबाबदारी साधारणपणे पद हाती घेतल्यापासून सुरू होते, पण जुन्या गोष्टीबद्दल प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो. त्या मुलीच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला आजही धोका असेल तर पदाची वाट न पाहता आत्ताच बोलावे लागेल. तसे नसेल तर आर.डी.ला मुलीचे नाव किंवा प्रसंग न सांगता एवढेच विचारता येते की निवडीपूर्वी मैत्रीण म्हणून कानावर आलेल्या गोष्टींचे काय करायचे. त्याआधी तिने त्या मैत्रिणीलाच सांगावे की ऑगस्टपासून मी आर.ए. होणार आहे, आणि समुपदेशकाकडे जायचे असेल तर मी सोबत येईन. मैत्रिणीला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये.