जॅझ बासची घूं कशी घालवावी?

प्रश्न (सातपूर, नाशिक): जॅझ बासवर (दोन पिकअपची बास गिटार; पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारी चुंबकी गुंडाळी) एकाच पिकअपचा व्हॉल्यूम उघडला की घूं येते, तारांना हात लावला की कमी होते. ब्रिजची (तारा बसतात त्या धातूच्या पट्टीची) अर्थ वायर तुटलीय का?

उत्तर: नाही हो, तुटली असती तर हात लावून कमी झाली नसती. बासच्या आत पिकअप आणि वायरिंग बसतं त्या पोकळीत तांब्याची टेप लावा. सांध्यांवर सोल्डरचे ठिपके द्या, टेपच्या साध्या गोंदातून करंट जात नाही. टेप ते जॅकचं (केबल लावतो त्या सॉकेटचं) ग्राउंड, मल्टीमीटरवर जवळपास शून्य ओहम हवा.

उत्तर: जॅकचं हॉट (सिग्नलचं) टोक टेपला टेकलं की बास मुका! तिथे इन्सुलेशन टेप लावा.

उत्तर: ट्रान्सफॉर्मरची 50 हर्ट्झची घूं टेपने जात नाही, ती चुंबकीय. दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवा, पिकअप उलट गुंडाळीचे असतील तर ती कटते. अॅम्पची अर्थ पिन मात्र काढू नका, जिवावर बेतेल.