केसरबाईंची भैरवी, डोळ्यांतलं पाणी आणि आमचा चोंबडेपणा

पेडण्याची_पोर
काल व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरच्या, गायिका केसरबाई केरकरांच्या भैरवीच्या धाग्यात रानातला_रेडिओ यांनी मला सुनावलं: "डोळ्यांत पाणी आलं, विषय संपला. बाई कुठल्या घरातल्या, कोणी नाकं मुरडली, हा चोंबडेपणा गाण्याबाहेरचा." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पाणी माझ्याही डोळ्यांत येतं हो. पण ती तबकडी १९७७ साली अवकाशात गेली ती कुणाच्या आसवांवर तरंगत नव्हे. रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकाने आग्रह धरला, मग न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात केसरबाईंची ती रेकॉर्ड शोधून काढावी लागली. म्हणजे तुमच्या त्या साडेतीन मिनिटांमागे एक चोंबडा आहेच.

आणि त्या आवाजातला ताठा ऐकलात का? कुठे लाडिकपणा नाही, आर्जव नाही, सरळ भरदार आकार. गोव्यातल्या कलावंत, म्हणजे देवळात-मैफलीत गाणाऱ्या बायकांच्या, घरातली बाई, जिच्याकडून लोकांची अपेक्षा रिझवण्याची, ती जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे १९२१ पासून ते जाईपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, तालीम घेते आणि रिझवायला नकार देते. हे माहीत झाल्यापासून मला तीच भैरवी वेगळी ऐकू येते. कमी नाही, जास्त ऐकू येते.

माझ्या पणजीची बहीण देवळात गायची. आजीचं स्थळ मुंबईला ठरलं तेव्हा घरातला तानपुरा माळ्यावर गेला, तो भोपळा फुटल्यावरच खाली आला. "गाण्याबाहेरचं" म्हणणं तुम्हाला परवडतं, आम्हाला नाही.

रानातला_रेडिओ
तानपुऱ्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण म्हणून मी ऐकायचं कसं हे तुम्ही ठरवणार?

माझे वडील दवाखान्यात होते. रात्री अडीच वाजता बाकावर बसून मोबाईलवर काहीतरी लावलं, ते हे निघालं. गोवा, घराणं, काही माहीत नव्हतं. खरं सांगतो, पहिली दोन मिनिटं बाप्या गातोय असंच वाटलं. आणि ढसाढसा रडलो. त्या रडण्यात काय कमी होतं? उद्या बालगंधर्व लावायचे तर आधी स्त्रीपार्टावर निबंध लिहू का?

तिरकीट
भैरवीनेच धागा सुरू केलात, म्हणजे मैफल संपली म्हणायची. आणि चीज आहे "जात कहाँ हो". पहिलाच शब्द 'जात', आणि रेडिओराव म्हणतात जात काढू नका.

वेंगुर्लेकर
पोरीशी सहमत. फक्त अर्ध्यावर थांबू नका. बायांचा इतिहास काढता, मग सारंगियांचाही काढा. कोठ्यावरचं वाद्य म्हणून सभ्य मंडळींनी सारंगी हाकलली आणि तिच्या जागी ती ठोकळ्यासारखी पेटी आणून बसवली. १८४२ साली पॅरिसला पेटंट घेतलेलं यंत्र! सुरावरून सुरावर घसरत नेणारी मींड नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती नाहीत. बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी काय बोलायची ते रेकॉर्डवर ऐका. आज दहा गायकांमागे नऊ पेट्या. कानाची वाट लागली आहे लोकांच्या.

भाता
झालं. आलाच हा सूर.

वेंगुर्लेकर, माझे आजोबा पेटी वाजवायचे. १ मार्च १९४० ला ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती शिथिल व्हायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! तोंडं तुमच्यासारखीच होती: परदेशी आहे, बारा स्वरांत अडकलेली आहे, भारतीय आत्म्याला मारक आहे. टागोरही त्यातच, आणि गंमत म्हणजे रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारा जॉन फौल्ड्स हा इंग्रजही त्यातच. गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांच्या मागे पेटीवर बसत तेव्हा ऐकणाऱ्यांना आत्मा सापडत होता बरं का. तो हरवला तो कागद वाचणाऱ्यांचा.

आजोबांनी ऐन उमेदीची वर्षं भजनं आणि मुंजीतल्या गाण्यांना साथ करून काढली. मुंजीत यजमान म्हणाले, "पेटीवाले, तुम्ही आचाऱ्यांच्या पंगतीला बसा." ही तुमची सांस्कृतिक समीक्षा.

वेंगुर्लेकर
पंगतीचा दोष माझ्या माथी नको. मींड येत नाही हे खोटं आहे का? हो की नाही, तेवढं सांगा.

भाता
येत नाही. तबल्यावर तरी कुठे यमन वाजतो? साथ म्हणजे काय हे ज्याने कधी केली नाही त्याने शिकवू नये. पुरुषोत्तम वालावलकर भीमसेनांच्या मागे काय करायचे ते ऐका आणि मग ठोकळा म्हणा. आतली रीड (पितळी पट्टी) घासून गंधार हवा तसा लावून घेतलेली पेटी तुम्ही उभ्या जन्मात ऐकलेली नाही, पैज लावतो.

वेंगुर्लेकर
पैज नको, पेटीच नको.

रानातला_रेडिओ
अहो, पण भातासाहेबांनी माझंच काम केलं! बघा ना. लोकांना पेटी आवडत होती. इतिहास आणि संस्कृती यांचं ओझं डोक्यावर घेतलेल्यांनी एकतीस वर्षं ती बंद पाडली. कानावर विश्वास ठेवला असता तर आजोबा वाचले असते.

पेडण्याची_पोर
हा मुद्दा चांगला आहे. राग येतोय, पण चांगला आहे.

फक्त अर्धा आहे. सारंगी घालवली तीही 'कानां'नीच ना? तिचा सूर ऐकला की लोकांना कोठा आठवायचा. त्यांना ते मनापासून नकोसं व्हायचं, ती भावनाच होती. तुमच्या रडण्याइतकीच खरी. मग त्या भावनेला कुणी विचारायचंच नाही की तू आलीस कुठून?

भाता
म्हणजे दोन्हीकडून मार वाजवणाऱ्याला. आधी सारंगिया, मग पेटीवाला. बरोबर बोललात, पण मला आनंद झाला असं समजू नका.

तिरकीट
तबलजींना मात्र कोणी हात लावला नाही याची नोंद घ्यावी. आमच्याकडे बघतच नाहीत लोक.

वेंगुर्लेकर
भाता, ती गंधारवाली पेटी अजून आहे का घरी? चौकशी फक्त. मत बदललेलं नाही.

भाता
आहे. रविवारी या. मत दारात चपलांपाशी ठेवा.

रानातला_रेडिओ
व्हॉयेजर एक सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या त्याच वर्षी १६ सप्टेंबरला, हे आज या धाग्याच्या नादाने वाचलं. चोंबडेपणा संसर्गजन्य दिसतो.

मग पुन्हा लावली. तुमचा तो ताठा शोधत बसलो. आहे. 'कहाँ'वर बाई थांबतात तिथे विनवणी नाहीच, जाब विचारल्यासारखं आहे. आधी कधी ऐकू आलं नव्हतं. पण या वेळी पाणी आलं नाही. त्याचा हिशेब तुमच्याकडे.

पेडण्याची_पोर
उद्या येईल.