जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: काढून टाकावा की नवा बसवावा?

धागाकर्ता: नमस्कार. माझी पेट्रोल गाडी बरीच जुनी झाली आहे, पण ती एवढ्यात विकण्याचा विचार नाही. काही दिवसांपासून चेक इंजिनचा दिवा लागत असून स्कॅनरवर पी०४२० हा, कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड दिसतो. चढावर गाडी ओढत नाही आणि खालून खडखड ऐकू येते. मेकॅनिकच्या मते कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढून त्या जागी कोरा पाइप जोडला की पिकअप परत येईल आणि नव्या कन्व्हर्टरचा मोठा खर्चही वाचेल. मला हे पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद: आपली शंका रास्त आहे, कोरा पाइप जोडू नका. मात्र नवा कन्व्हर्टर घेण्याचीही घाई करू नका, कारण कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. इंजिनातला दुसरा कुठला तरी दोष त्याला मारतो, आणि तो दोष तसाच राहिला तर नव्याचीही तीच गत होते.

आधी कोडविषयी. कॅटच्या पुढे आणि मागे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर असतो. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सतत वरखाली होतो, तर कॅट धडधाकट असेल तर मागच्या सेन्सरचा जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की गाडीचा संगणक पी०४२० नोंदवतो. पण एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत शिरत असेल किंवा सेन्सर थकला असेल तरीही हाच कोड येऊ शकतो, म्हणून केवळ कोड पाहून कॅट बाद ठरवू नये.

आपल्या गाडीत जोर कमी होणे आणि खडखड ही दोन लक्षणे सोबत असल्यामुळे आतली सिरॅमिकची जाळी फुटून तिच्या तुकड्यांनी वाट अडवली असावी, असा माझा अंदाज आहे. त्याची खात्री अशी करता येते: इंजिन पूर्ण थंड असताना रबरी हातोड्याने कॅटवर हलकेच ठोकावे, म्हणजे डब्यात खडे हलावेत तसा आवाज येईल. मात्र आधी बाहेरचा उष्णतारोधक पत्रा हाताने दाबून पाहावा, कारण पुष्कळदा तोच सैल होऊन वाजत असतो. त्यानंतर पुढचा सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावावा. इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) असताना दाब दीड पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) वर गेला, किंवा २५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ३ पीएसआय ओलांडू लागला, तर वाट तुंबली आहे असे समजावे.

दुसरा प्रतिसाद: पाइप जोडल्यावर पिकअप खरोखरच वाढेल, परंतु तो तुंबलेली वाट मोकळी झाल्यामुळे, चांगला कन्व्हर्टर बसवला तरी तेवढाच फरक जाणवेल. कॅट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे जशीच्या तशी बाहेर पडतात. हा धूर आपल्यामागून चालणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जातो, याचा विचार आपण करायलाच हवा. शिवाय बहुतेक देशांत कॅट काढणे बेकायदा आहे. वरून डबा तसाच ठेवून आतली जाळी फोडून काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही याच कारणाने नाकारावा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. आज स्पार्क प्लग काढून पाहिले, तर एकावर काळा, तेलकट थर दिसला. इंजिन ऑइलही मधूनमधून भरावे लागते. याचा कॅटशी संबंध असेल का? आणि भंगारातून काढलेला कॅट घेणे योग्य ठरेल का?

पहिला प्रतिसाद: संबंध अगदी थेट आहे. ऑइल जळते तेव्हा त्यातले फॉस्फरस आणि जस्त जाळीवरच्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या लेपावर साचून तो निकामी करतात. त्यातच तो तेलकट प्लग अधूनमधून मिसफायर करत (ठिणगी चुकवत) असेल, तर न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटते आणि त्या उष्णतेने जाळी वितळूही शकते. म्हणून आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने निर्माण होणारा दाब) तपासून घ्या. ज्या सिलिंडरचे आकडे कमी येतील त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष बहुधा पिस्टन रिंगांचा असतो. कॉम्प्रेशन ठीक असूनही उतारावरून उतरल्यानंतर ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर निघत असेल, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी टोपणे) पाहावेत. ते बदलणे रिंगांच्या कामापेक्षा पुष्कळ सोपे असते.

भंगारातला कॅट घेऊ नका. त्याच्या लेपात किती दम उरला आहे हे बाहेरून पाहून कळत नाही. बाजारातले स्वस्त पर्यायही जपून निवडावेत, कारण त्यांत मौल्यवान धातू बहुधा कमी असतात आणि ते लवकर थकतात. आपल्याच इंजिनासाठी मान्यता असलेला भाग मागून घ्यावा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि पुढचा सेन्सर जुना असेल तर तोही याच वेळी बदलावा. कोड पुसल्यावर लगेच उत्सर्जन चाचणीला जाऊ नका, कारण संगणकाच्या अंतर्गत तपासण्या पूर्ण होण्यासाठी गाडी काही काळ वेगवेगळ्या वेगांत चालवावी लागते.