ऑटिस्टिक मूल हात उगारायला लागतं तेव्हा घरात काय होतं? अनुभव लिहा

ऑटिझमवर बरंच लिहिलं जातं, पण मूल मोठं होऊन हात उगारतं, चावतं, काचा फोडतं त्याबद्दल सहसा कोणी तोंड उघडत नाही. माझा मुलगा चौदाचा आहे, बोलत नाही, ऑटिझम सिव्हिअर म्हणजे तीव्र आहे आणि आता माझ्यापेक्षा उंच झालाय. घरात काचेचं भांडं ठेवत नाही, मी केस बारीक केलेत, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालते. त्याच्यावर माझा जीव आहे आणि मला त्याची भीतीही वाटते, दोन्ही खरं आहे. "देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो" हे कृपा करून लिहू नका. तुमच्याकडे काय होतं, कशाने फरक पडला ते लिहा. मुलांची, शाळांची नावं नकोत.

एक बाबा, नाशिक
ताई, आमचा अकरा वर्षांचा. दिवाळीनंतर अचानक स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायला लागला, अडवायला गेलं की आम्हाला. शाळेतून सारखे फोन, नातेवाईक म्हणायचे लाडावून ठेवलाय. स्पेशल एज्युकेटर मॅडमनी वही करायला लावली, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं, तीन रकाने, आपली मतं लिहायची नाहीत. थोड्या दिवसांनी वही वाचली तर बहुतेक वेळा जेवणाच्या आसपास, पोळी असली की जास्त, वरणभाताला कमी. मग बायकोच्या लक्षात आलं की हा डावीकडून चावतच नाहीये. भूल देऊन तपासलं, दाढ आतून किडून पू झालेला. दाढ काढली आणि गालावर मारणं जवळपास थांबलं. दुखतंय हे ज्याला सांगताच येत नाही तो दुसरं काय करणार हो? वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट बघा, बद्धकोष्ठ आहे का ते तर नक्की बघा, मुलगी असेल तर पाळीच्या तारखाही त्याच वहीत लिहा.

मुलीची आई, पुणे
औषधाचं मी लिहिते, कारण सगळे दबकतच विचारतात. मुलीला रिस्पेरिडोन चालू आहे. त्याने ऑटिझम जात नाही, चिडचिड आणि मारणं कमी होतं. अमेरिकेत २००६ साली ऑटिस्टिक मुलांच्या याच त्रासासाठी त्याला मंजुरी मिळाली. आमच्याकडे उपयोग झाला, ती झोपायला लागली म्हणजे आम्हीपण झोपायला लागलो. पण भूक इतकी वाढली की फ्रीजला कुलूप लावावं लागलं, वजन भराभर वाढलं, डॉक्टर शुगर, कोलेस्टेरॉल तपासत असतात. मनाने बंद करू नका, डोस डॉक्टरांनाच कमी करू दे. आणि नुसत्या गोळीवर राहू नका, चित्रांची कार्डं शिकवा. आमची आता "पुरे"चं कार्ड हातात देते, पूर्वी त्या जागी ताट भिंतीवर जायचं.

केसांवरून आठवलं, केस धरले तर ओढून सोडवायचे नाहीत, तिचा हात आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरायचा म्हणजे हिसका बसत नाही, आणि अजिबात बोलायचं नाही. ओरडलं की आमच्या मुलीची पकड वाढते.

बहीण, कोल्हापूर
मी आई नाही, धाकटी बहीण आहे. दादा बावीसचा. त्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही, आमच्याकडे डाळ पातेल्यात शिजते. गणपतीत गल्लीत डीजे आला की तो कान दाबून भिंतीवर डोकं आपटतो आणि मग समोर येईल त्याला मारतो, म्हणून विसर्जनाच्या आधीच आम्ही मामाकडे शेतातल्या घरी जातो. दहावीला मी आतून कडी लावून अभ्यास करायचे, बाहेर आई मार खात असायची आणि काही झालं तरी कडी काढायची नाही हे तिनेच बजावलेलं. पाहुणे मला विचारतात, पुढे तूच बघणार ना? मागे एकदा आईने त्यांना तोंडावर सांगितलं की ते तिच्यावर लादायचं आम्ही ठरवलेलं नाही. मला खूप बरं वाटलं. तुमच्या दुसऱ्या मुलांशी पण बोला प्लीज.

निवृत्त बाबा, ठाणे
बहिणीच्या मुद्द्याला जोडून. मूल अठराचं झालं की कायद्याने आपण आपोआप पालक राहत नाही, बँकेत आणि ऑपरेशनच्या सहीला अडतं. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आधीच काढून ठेवा. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमापण घ्या, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीपण येते.

मुलीची आई, पुणे
काका, कागद सगळे झालेत. प्रश्न दिवसाचा आहे. मारते म्हणून दोन डे केअरनी काढून टाकलं. पिंपरी चिंचवडच्या बाजूला अठरावरच्या, अशा वागण्याच्या मुलींना घेणारं, निदान दुपारपर्यंत ठेवणारं काही माहीत असेल तर सांगा. लांब असलं तरी चालेल, मी सोबत बसायला तयार आहे.