मदत हवी आहे: टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीच्या डब्यात काय द्यावे?

ओसरी: माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे आणि जूनपासून तिच्या डब्याचे गणित काही केल्या जुळत नाही. परवा पीटीच्या तासानंतर तिचे हात थरथरू लागले, साखर ५८ भरली आणि डब्यातला मेथीचा पराठा घडीसुद्धा न मोडता घरी परत आला. काल मात्र डबा चाटूनपुसून रिकामा होता, तर दुपारी साखर २९०! कोणते पदार्थ द्यावेत याची यादी कोणी देईल का? गोड द्यायचे नाही हे मला ठाऊक आहे, तेवढेच सांगायला कृपया कोणी लिहू नये.

वसुंधरा_सातारा: मुलीचे वय, सुट्टीची वेळ आणि मुख्य म्हणजे ती कोणते इन्सुलिन किती वाजता घेते, हे कळल्याशिवाय यादी देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल. माझा मुलगा सहा वर्षे इन्सुलिनवर आहे, म्हणून विचारते.

जुना_सदस्य: आमच्या वडिलांनी गहू सोडून नाचणी धरली आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू केली. दोन महिन्यांत गोळी निम्मी झाली. मुलीचेही इन्सुलिन हळूहळू सुटेल.

वसुंधरा_सातारा: आपल्या वडिलांचा मधुमेह टाइप २ असावा. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे बाहेरून घेतलेले इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतू शकते. कृपया असा सल्ला देऊ नये. शिवाय नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठातही सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके (ज्यांची पचल्यावर रक्तात साखर होते) असतातच.

जुना_सदस्य: नाचणीने साखर सावकाश चढते, हा आमचा अनुभव आहे. एवढेच म्हणायचे होते.

ओसरी: वय ८. शाळा सव्वासात ते साडेबारा, एकच सुट्टी साडेनऊला, पीटी अकराला. साडेसहाला ३०:७० मिश्र इन्सुलिन (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारे) आणि सातला दूध-पोळी. हे आधी लिहिले आहे असेच मी समजत होते.

वसुंधरा_सातारा: मग अडचण पदार्थाची कमी आणि वेळेची जास्त आहे. सकाळी टोचलेले मिश्र इन्सुलिन मुलगी जेवो न जेवो, दुपारपर्यंत आपले काम करतच राहते. त्यामुळे साडेनऊला रोज साधारण तेवढीच कर्बोदके पोटात जायला हवीत (एका लहान फुलक्यात ती अंदाजे १५ ग्रॅम धरतात) आणि पीटीच्या आधी थोडे खाणे व्हायला हवे, कारण पळण्याखेळण्याने साखर आणखी उतरते. ७० च्या खाली गेली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

निवृत्त_शिक्षिका: पीटीआधी खायला शाळा परवानगी देईल का, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलेल्या पत्रात अशा मुलांना शाळेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा असावी, असे म्हटले आहे. त्याचा उल्लेख करून मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि पोच घ्या.

ओसरी: अर्ज आजच दिला. वर्गशिक्षिकांचे म्हणणे असे, की एकीने खाल्ले की बाकीच्याही डबे उघडतात. तेही खोटे नाही म्हणा. पण संध्याकाळी मुलीशी निवांत बोलल्यावर कळले, की काल डबा तिने संपवलाच नव्हता. मैत्रिणीची साबुदाण्याची खिचडी घेऊन आपला पराठा तिला दिला होता.

वसुंधरा_सातारा: खिचडी किती खाल्ली, दोन घास की वाटीभर?